साध्या गाडीतला सायरन: काम कुणाचं घ्यायचं, कुणाला नाही म्हणायचं आणि वायर कशी ओढायची



हायवेवर तुमच्या पुढे एक पांढरी बोलेरो चाललेली असते. पट्टा नाही, 'पोलीस' असं लिहिलेलं नाही, टपावर दिवा नाही. अचानक पुढच्या जाळीच्या आतून लाल-निळे दिवे लुकलुकायला लागतात, सायरन वाजतो आणि गाडी सुसाट निघून जाते. आपण म्हणतो, "अरे, ही तर क्राईम ब्रँचची गाडी होती!"

आता धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. हे दिवे बसवले कुणी? शोरूममधून बाहेर पडताना ती गाडी तुमच्या-आमच्या गाडीसारखीच होती. नंतर कुणीतरी ती उघडली, वायर ओढली, स्पीकर बसवला आणि बाहेरून काही दिसणार नाही अशी पुन्हा बंद केली. त्या 'कुणीतरी'च्या धंद्याबद्दल आज बोलायचं आहे.

ऑटो इलेक्ट्रिकचं काम येणाऱ्या पोरांसाठी आणि कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकू पाहणाऱ्यांसाठी हा चांगला जोडधंदा आहे. मात्र इथे हात चांगला असून भागत नाही. गिऱ्हाईक चुकीचं निवडलं, तर सगळ्यात सुबक केलेलं कामच तुम्हाला पोलीस ठाण्यात नेऊन बसवेल. म्हणून आधी कायदा, मग वायरिंग आणि शेवटी पैसे, या क्रमाने जाऊ.

गिऱ्हाईक कोण आहे?

पोलिसांच्या गाड्या हा या बाजाराचा एक भाग. जिल्हा पोलीस दलात गाड्यांचं काम बघणारा मोटार परिवहन विभाग असतो, पोलिसांच्या भाषेत 'एमटी'. गाडी कुठे दुरुस्त होणार, तिला काय बसणार, हे तिथून ठरतं. साध्या गाड्या जास्त करून गुन्हे शाखेकडे असतात, कारण आरोपीला लांबून ओळख पटली तर कामच संपलं.

दुसरा आणि मोठा भाग रुग्णवाहिकांचा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्याशिवाय खाजगी हॉस्पिटलं, ट्रस्ट, ग्रामपंचायती आणि कारखान्यांच्या रुग्णवाहिका वेगळ्या. तिसरा भाग नगरपालिका आणि एमआयडीसीच्या अग्निशमन गाड्यांचा.

नवीन माणसानं रुग्णवाहिकेच्या दुरुस्तीपासून सुरुवात करावी. सायरन बंद पडला, दिवा जळला, बॅटरी उतरते, अशी कामं रोज असतात आणि हात त्यातूनच बसतो. पोलिसांच्या साध्या गाडीचं काम हे या धंद्यातलं वरच्या इयत्तेचं काम समजा. सगळं लपवायचं, पण लागेल तेव्हा सगळं दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

हा भाग कंटाळा करून सोडू नका. तुमची खरी कमाई याच भागात सुरक्षित राहते.

१० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याच्या गैरवापरावर निकाल दिला. पुढे केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे काढायला लावले. पंतप्रधानांच्या गाडीलाही त्यातून सूट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०८ नुसार लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आता तीन कामांसाठी खास नेमलेल्या गाड्यांनाच लावता येतो. आग विझवणं, पोलीस, सैन्य किंवा निमलष्करी दलाचं कायदा-सुव्यवस्थेचं काम आणि आपत्ती व्यवस्थापन. गाडी ड्युटीवर नसेल तर तोही वापरायचा नाही. रुग्णवाहिकेसाठी जांभळ्या काचेचा लुकलुकणारा दिवा वेगळा सांगितलेला आहे.

आवाजासाठी नियम ११९ आहे. एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारं यंत्र साध्या गाडीला बसवता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, मोटार वाहन विभाग अशा मोजक्या गाड्यांना सूट आहे, आणि तीही नोंदणी करणाऱ्या प्राधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या आरटीओने, मान्य केलेल्या आवाजापुरती.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ सांगतं की, परवानगी नसलेला बदल गाडीत करून घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. दिवा एक, सायरन दोन.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खाजगी ऑडीवर लावलेल्या दिव्याची बातमी देशभर गाजली आणि ती गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली. असं प्रकरण उघडलं की पुढचा साधा प्रश्न येतो: हे बसवलं कुणी?

"भाऊ, फक्त एक हूटर बसवून दे"

दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात हा माणूस येतो. गाडी मोठी, नंबर फॅन्सी, सोबत चार पोरं.

"भाऊ, पुढच्या जाळीत लाल-निळ्या पट्ट्या टाक आणि एक हूटर बसव. पैशाचं बघू नको, डबल घे."

"दादा, गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"आपलीच आहे ना. साहेबांच्या ताफ्यात चालते."

"मग साहेबांच्या ऑफिसचं पत्र आणा, आरटीओची मान्यता आणा. आज रात्री बसवून देतो."

"अरे, त्या बाजारातला पोरगा तर विनापत्र बसवतो!"

"दादा, तुमची गाडी पकडली तर तो पोरगा सोडवायला येणार नाही. तुम्हाला चांगला मोठा हॉर्न हवा असेल तर नियमात बसणारा देतो, फॉग लॅम्प देतो. हे मात्र पत्राशिवाय जमणार नाही."

हे बोलणं आरशासमोर उभं राहून पाठ करा. आवाज चढवायचा नाही, भाषण द्यायचं नाही. कागद मागायचा. ज्याच्याकडे अधिकार आहे तो कागद आणतो आणि ज्याच्याकडे नाही तो स्वतःच निघून जातो.

दुप्पट पैसे सोडताना जीव तुटतो, मला कळतं. पण विचार करा, ती गाडी पुढे कुणाच्या हातात जाईल? तोतया पोलीस बनून लोकांना लुटणाऱ्याला खाकी कपड्याइतकाच उपयोग त्या दिव्याचा होतो. रात्री अकरा वाजता एकट्या बाईने त्या लाल-निळ्या दिव्याला बघून गाडी बाजूला घेतली, तर ती तुम्ही बसवलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून थांबलेली असते. सरकारी नोकर असल्याचं सोंग घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. त्या सोंगाचं सामान तुमच्या दुकानातून जाऊ द्यायचं नाही.

म्हणून प्रत्येक कामाची एक फाईल करा. त्यात चार कागद हवेत: कार्यालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं कामाचं पत्र, गाडीच्या आरसीची प्रत, गाडी आणून देणाऱ्याचं ओळखपत्र, आणि काय काय बसवलं त्याची यादी. पत्र आलं की त्या कार्यालयाच्या लँडलाईनवर स्वतः फोन करून खात्री करा. पत्रावरचा मोबाईल नंबर लावू नका, कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून लावा. साधी गाडी असेल तर तिचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. नंबर, रंग, दिव्यांची जागा, काहीच बाहेर जाता कामा नये. 'बघा आपण केलेलं काम' अशी रील टाकली, की त्या गाडीचा उपयोग त्याच दिवशी संपला.

आता प्रत्यक्ष काम

एक: आधी हिशेब, मग वायर. १०० वॉटचा सायरन १२ व्होल्टवर साधारण ८ ते १० अँपिअर खेचतो. जाळीतले, काचेमागचे, बाजूचे आणि मागचे एलईडी मिळून आणखी ६ ते ८ अँपिअर धरा. म्हणजे सगळं चालू असताना १८ च्या आसपास. हे ओझं गाडीच्या मूळ वायरिंगवर टाकायचं नाही. बॅटरीपासून वेगळी मेन वायर ओढा, उदाहरणार्थ ६ चौरस मिलिमीटरची, तिला ३० अँपिअरचा फ्यूज आणि पुढे छोटा फ्यूज बॉक्स. सायरनचा फ्यूज वेगळा, दिव्यांचे वेगळे. एक दिवा शॉर्ट झाला म्हणून सायरन बंद पडायला नको.

मेन फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात बसवा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो डॅशबोर्डखाली बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. ती घासली तर आग लागेल आणि फ्यूज शाबूत राहील.

दोन: बारीक वायरची बचत महागात पडते. सायरनला ४ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली आणि १० अँपिअर गेले, तर त्या वायरमध्येच ०.७ व्होल्ट जातात. परतीची वायरही तशीच असेल तर १.४ व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत हे दहा टक्क्यांहून जास्त झालं आणि सायरनला मिळणारी ताकद त्याहून जास्त घटते. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर जाणं-येणं धरून ०.३५ व्होल्टच जातात. गिऱ्हाईक म्हणतं 'कंपनीचा सायरन हलका निघाला', पण दोष तुमच्या वायरचा असतो.

तीन: स्पीकरची जागा. पुढच्या बंपरच्या आत, जाळीमागे, तोंड पुढे करून. इंजिनकडे तोंड केलं की आवाज बोनेटमध्येच घुमतो आणि गाडीतल्या माणसांचे कान फाटतात. पावसाचं पाणी भोंग्यात साचणार नाही असा थोडा उतार द्या. रेडिएटरची हवा अडवू नका. स्पीकरचे ओहम आणि ॲम्प्लिफायरला चालणारे ओहम जुळतात का ते बघा, नाहीतर ॲम्प्लिफायर जळतो.

चार: दिवे लपवा, पण चौकातल्या माणसापासून नको. साध्या गाडीतली सगळ्यात धोक्याची चूक इथे होते. जाळीतले दिवे समोरून झकास दिसतात. पण गाडी सिग्नल तोडून चौकात शिरते, तेव्हा धोका बाजूने येणाऱ्याला असतो. काच वर करून, एसी आणि गाणी लावून बसलेल्याला सायरन उशिरा ऐकू येतो आणि बाजूने दिवा दिसला नाही तर त्याच्या दृष्टीने ती एक पांढरी गाडी असते, बस्स. पट्ट्यापट्ट्यांच्या पोलीस गाडीला तिचा रंग आणि टपावरचा दिवा वाचवतो. साध्या गाडीला तुम्ही लावलेला बाजूचा दिवाच वाचवतो. म्हणून आरशाच्या खाली किंवा बंपरच्या कोपऱ्यात, बाजूला बघणारा एक-एक दिवा द्यायलाच हवा. कार्यालयाच्या यादीत नसेल तर तुम्ही सुचवा.

काचेमागे दिवा लावताना त्याच्या कडेला काळं रबर किंवा झाकण काचेला घट्ट टेकवा. नाहीतर प्रकाश काचेवरून उलटा येतो आणि रात्री ड्रायव्हरचेच डोळे दिपतात. हेडलाईटच्या काचेला भोक पाडून आत एलईडी घुसवू नका. सील तुटतं आणि पहिल्याच पावसाळ्यात आत वाफ धरते.

पाच: एअरबॅगच्या वाटेत काही नको. डॅशबोर्डवर डाव्या सीटसमोर एअरबॅगचं झाकण असतं, त्यावर दिव्याचा स्टँड चिकटवला तर अपघातात तोच स्टँड समोर बसलेल्याच्या तोंडावर येतो. काचेशेजारच्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून न्यायची नाही. नवीन गाड्यांत दिवे कॉम्प्युटर चालवतो. तिथे वायर सोलून जोड मारला की डॅशबोर्डवर चुका दिसायला लागतात आणि वॉरंटीचं भांडण तुमच्या गळ्यात पडतं.

सहा: बॅटरी कट-ऑफ. नाकाबंदीला गाडी उभी, इंजिन बंद, दिवे चालू. ६० अँपिअर-अवरची बॅटरी आणि ७ अँपिअरचे दिवे, म्हणजे चार तासांत बॅटरी निम्मी. वायरलेस सेट चालू असेल तर आणखी लवकर. पहाटे आरोपी पळाला आणि गाडीला धक्का मारायची वेळ आली, तर नाव तुमचं निघणार. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की दिवे आपोआप बंद करणारं उपकरण बसवा. ते इंजिन सुरू होण्यापुरता करंट राखून ठेवतं.

गाडी परत देण्याआधी

चावी देण्याआधी तासभर वेगळा काढा. सगळे दिवे आणि सायरन चालू करून अर्धा तास ठेवा आणि मग प्रत्येक जोडाला हात लावून बघा. गरम लागला तर तो जोड परत करा. वायरलेस सेट चालू ठेवून दिवे लावा. सेटमध्ये खरखर आली तर दिव्याची वायर अँटेनाच्या केबलपासून दूर न्या. पाण्याचा पाईप घेऊन पुढची जाळी धुवा आणि पुन्हा चालवून बघा. रात्री गाडी उभी करून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पन्नास पावलांवरून बघा.

मग ड्रायव्हरला शेजारी बसवून बटणं समजावून सांगा. बटणं अशी हवीत की रस्त्यावरची नजर न काढता बोटांनी ओळखता यावीत. लांब चढ-उताराचा सूर मोकळ्या रस्त्यावर, भरभर बदलणारा सूर चौकाच्या आधी, हेही सांगा. फ्यूजचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. दुसऱ्या वेळी काम तुम्हालाच मिळण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे.

पैसे: कागदावरचा नफा आणि हातातला नफा

समजण्यासाठी एक हिशेब धरू. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

सामान २६,०००. दोन माणसं दोन दिवस, रोज १,००० प्रमाणे ४,०००. स्लीव्ह, लग, टेप, रिले २,०००. ने-आण १,०००. भाडं आणि वीज यातला वाटा २,०००. झाले ३५,०००. वॉरंटीत परत यावं लागेल म्हणून पाच टक्के, १,७५०. सरकारी बिल तीन महिन्यांनी आलं आणि तुमचा पैसा वर्षाला १८ टक्क्यांचा असेल, तर व्याज साधारण १,६५०. एकूण ३८,४००.

आता जीएसटी सोडून ४०,००० चं कोटेशन दिलं, तर नवखा माणूस म्हणतो, "सामान २६, सुटले १४ हजार!" खरे सुटले १,६००. म्हणजे चार टक्के. एखादा ॲम्प्लिफायर बदलून द्यावा लागला की तेही गेले. तेच कोटेशन ४८,००० चं असेल तर ९,६०० उरतात आणि धंदा श्वास घेतो. पंधरा कामं तोट्याच्या दराने करण्यापेक्षा पाच कामं बरोबर दराने करा.

उधारीवर सुद्धा उपाय आहे. काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करा आणि ती सेवा किंवा उत्पादन या प्रकारात करा. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. नुसते व्यापारी म्हणून नोंदलेले असाल तर हे संरक्षण मिळत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहे. जेम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, सरकारी मागणी तिथे दिसते.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी

पहिली, जवळच्या दोन हॉस्पिटलांत जाऊन रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला भेटा. मॅनेजरला नंतर. कुठला दिवा बंद आहे, सायरन कधी धोका देतो, हे ड्रायव्हर चहाच्या एका कपात सांगतो. दुसरी, चार कागदांच्या फाईलचा नमुना करून दुकानात लावा, गिऱ्हाईकाला दिसेल असा. बोर्डवर लिहा: 'पत्राशिवाय दिवा-सायरन बसवला जात नाही.' या एका ओळीने निम्मी भांडणं दाराबाहेरच संपतात. तिसरी, घरच्या जुन्या बॅटरीवर एक सायरन, दोन दिवे आणि फ्यूज बॉक्स असा सेट लाकडी फळीवर जोडा आणि मल्टिमीटरने प्रत्येक वायरमधला व्होल्टेजचा फरक मोजा. फळीवरची चूक शंभर रुपयांत दुरुस्त होते.

वायर जोडण्याची पूर्ण पद्धत व्हिडिओत दाखवली आहे, ती फळी समोर ठेवूनच बघा. आणि तुमच्या तालुक्यात या कामाला किती वाव आहे, कोण करतंय, काय दर चालू आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात रुग्णवाहिकेच्या आतलं वायरिंग, ऑक्सिजन आणि इन्व्हर्टर घेऊ.

भेटू लवकरच. कामाला लागा!